अकरा खापरं

या लेखात मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. माझंसुद्धा नाही. खापरावर नाव लिहिल्याने काय होतं ते मी तेराव्या वर्षी पाहिलंय, आणि तेव्हा गावाने मला जो धडा शिकवायचा घाट घातला होता तो मी अजून शिकलेले नाही. तरी नावं गाळते, कारण त्यातली बहुतेक माणसं आता नाहीत, आणि मेलेल्यांशी भांडण्यात काही मजा नाही.

आमचं गाव तळवड्याच्या पलीकडे, इंद्रायणीच्या अंगाला. वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत हमाली करायचे, पहाटे सायकलीला भाकरीचं गाठोडं बांधून जायचे. पिंपरीकडे कारखान्यांची जोती उठायला लागली होती, पण आमच्याकडे त्याच्या नुसत्या बातम्या यायच्या. देशातली पहिली निवडणूक होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी सातवीत होते. सातवीची परीक्षा, म्हणजे आमच्या भाषेत फायनल, पास झालेल्या मुलीला तेव्हा मास्तरीण होता यायचं. मला मास्तरीण व्हायचं होतं, दुसरं काहीही नको होतं. गावात त्याआधी एकही मुलगी फायनलला बसली नव्हती.

लोकल बोर्डाच्या शाळेला इमारत नव्हती. मारुतीच्या देवळाचा मंडप हीच शाळा. सातवीत आम्ही अकरा जण, नऊ मुलगे आणि दोन मुली. मंडपाची जमीन मातीची, ती दर शनिवारी शेणाने सारवावी लागे आणि हे काम मुलींचं, म्हणजे आम्हा दोघींचं. का, तर मुली म्हणून. जमीन ओली असली की लिहायला बसता येत नसे, म्हणून गुरुजी शनिवारी मुलग्यांना बाहेर उंबराखाली घेऊन बसत आणि इतिहास सांगत. इतिहास काय, नुसता ऐकला तरी चालतो! त्यामुळे जगाचा प्राचीन इतिहास मी लांबून, पाठमोरी, शेणाच्या हातांनी ऐकला.

आमच्या कामावर देखरेख करायला वर्गाचा मॉनिटर होता. गावच्या पाटलांचा मुलगा. तो इतिहास सोडून पायरीवर येऊन बसायचा आणि बोटाने दाखवायचा, हितं ऱ्हायलं, तितं ऱ्हायलं. मुलग्यांनाही त्याचा जाच होता. कुणाची बोरं घे, कुणाची दौत सांड, आणि वर गुरुजींकडे चहाडी. पण पाटलाचा पोर म्हणून सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

एका शनिवारी गुरुजी अथेन्सबद्दल सांगत होते. नगरराज्य म्हणजे काय, लोकशाही म्हणजे काय. नागरिक म्हणजे कोण, तर जो चौकात बसून राज्यकारभाराचा विचार करतो, मत देतो, असा मोकळा माणूस. मोकळा हा शब्द ऐकला आणि मला राहवलं नाही. शेणाची पाटी तशीच टाकून मी उंबराकडे गेले.

"गुर्जी, ती माणसं चौकात बसल्यावर त्यांच्या घरचं दळण कोन दळायचं?"

गुरुजींनी पुस्तक मिटलं. पुण्याकडून आलेले तरुण गृहस्थ, स्वभावाने भले, पण बदलीला फार भिणारे. म्हणाले, "गुलाम दळायचे. आणि बायका."

"मग त्या नागरिक न्हाईत?"

"नव्हत्या."

पायरीवरून मॉनिटर ओरडला, "बराबर हाय की! तू सारव!" मुलगे खो-खो हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या, सात समुद्रापलीकडच्या माणसांवर मी त्या दिवशी अस्सल चिडले आणि तो राग आजही शिल्लक आहे. चौकात बसून न्यायाच्या गोष्टी करत होते म्हणे. घरी कुणीतरी जातं ओढत होतं म्हणून करत होते.

पण पुढच्या शनिवारी गुरुजींनी त्याच माणसांची दुसरी एक रीत सांगितली आणि ती मला भारी आवडली. नगरात एखादा माणूस फार डोईजड झाला की लोक चौकात जमायचे. प्रत्येकाने फुटक्या मडक्याचं एक खापर घ्यायचं, त्यावर त्या माणसाचं नाव कोरायचं. ज्याच्या नावाची खापरं जास्त, त्याने दहा वर्षं नगराबाहेर जायचं. त्याला मारायचं नाही, त्याच्या घरादाराला हात लावायचा नाही. फक्त जा म्हणायचं. गुरुजींनी त्यातली एक गंमतही सांगितली. एका अडाणी शेतकऱ्याने शेजारी उभ्या असलेल्या माणसाला म्हटलं, मला लिहिता येत नाही, अमक्याचं नाव लिहून दे. शेजारचा तोच अमका होता. त्याने मुकाट्याने स्वतःचं नाव लिहून दिलं. आम्ही सगळे त्याच्या वेडेपणाला हसलो.

मग रोमचं सांगितलं. तिथे गोरगरिबांचा एक अधिकारी असे. बड्या लोकांनी काही ठरवलं आणि त्याने उठून एकच शब्द उच्चारला, मनाई, की सगळं जागच्या जागी थांबायचं. तो शब्द मी शेणाने माखलेल्या बोटाने जमिनीवर लिहिला आणि वरून सारवून टाकला.

त्यानंतरच्या शनिवारी मी खापरं आणली. घरात फुटकी मडकी ढीगभर. एक लहानसं अखंड मडकं पेटीसारखं वापरायला घेतलं. आई त्यात हळकुंडं ठेवायची, त्यामुळे ते आतून पिवळं होतं. गुरुजींना विचारलं, त्या लोकांसारखं मत घेऊ का, वर्गात डोईजड कोण झालंय ते ठरवायला? ते हसले, "घ्या. सोमवारी मोजू." दहा वर्षांच्या जागी आम्ही दहा दिवस धरले. ज्याच्या नावाची खापरं जास्त त्याने दहा दिवस कुणावर हुकूम चालवायचा नाही आणि दोन शनिवार सारवायचं. अकरा जणांनी झाडाआड जाऊन कोळशाने नाव लिहिलं आणि खापर मडक्यात टाकलं. मॉनिटरनेही टाकलं, कारण आपलं नाव कुणी लिहील हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

इथे माझी चूक झाली. आईने निवडणुकीत मत दिलं होतं. मतपेटीचं तोंड कसं बंद करून वर लाखेची मोहोर मारली होती ते तिने घरी येऊन दहा वेळा सांगितलं होतं. मला लाख कुठून मिळणार? मी जुन्या परकराचं लाल फडकं फाडलं, मडक्याचं तोंड घट्ट बांधलं आणि सोमवारपर्यंत मडकं उंबराच्या मुळाशी ठेवून दिलं. रविवारी अमावास्या होती. ते माझ्या ध्यानातच नव्हतं.

सोमवारी सकाळी पाटलीणबाई उंबराला पाणी घालायला आल्या. त्यांना लाल फडक्यात बांधलेलं, आतून हळदीने माखलेलं मडकं दिसलं. आत खापरं, आणि खापरांवर काळ्या कोळशाने त्यांच्या मुलाचं नाव. मुलगा रात्रीपासून तापाने पडला होता. हिरव्या चिंचा खाल्ल्या होत्या त्याने, आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पाटलीणबाईंनी जी किंकाळी फोडली ती म्हणे नदीपर्यंत ऐकू गेली.

करणी! दुपारच्या आत सगळं गाव चावडीवर होतं. बायका चावडीची पायरी चढत नसत, त्या भिंतीला उभ्या राहिल्या. मला पायरीखाली उभं केलं. मुलग्यांना विचारलं तर एकजात सगळे म्हणाले, हिनं लिवायला लावलं. वडील डेपोतून अर्धा दिवस बुडवून आले होते आणि स्वतःच्या वहाणांकडे बघत होते. पाटलांची अक्षरओळख सहीपुरती, म्हणून त्यांनी गुरुजींना एकेक खापर मोठ्याने वाचायला लावलं. आठ खापरांवर त्यांच्या मुलाचं नाव. एकावर माझं, ते कुणी लिहिलं ते सांगायला नको. एकावर गुरुजींचं, ते वाचताना गुरुजी खाकरले. एकावर नुसतं गाढव काढलेलं. मतमोजणी झाली म्हणायची!

गुरुजी तेव्हा बोलू शकले असते. "मी मुलांना परवानगी दिली होती," एवढंच म्हणायचं होतं. ते खापरं ओळीने मांडत राहिले.

पाटील ओरडले नाहीत. ते आडदांड नव्हते, फक्त घाबरले होते, एकुलता एक मुलगा होता. ते म्हणाले, "पोरी, मी काय तुला मारीत न्हाई. नारळ फोड, पोराच्या पाया पड आन् म्हन, मी केलेलं मी उतरिवलं. येवढं म्हन, सुट."

"आन् न्हाई म्हनलं तर?"

"तर शाळंचं नाव काढायचं न्हाई. तुझ्या बापालाबी सांगून ठिवतो."

वडिलांनी मान डोलावली. गुरुजी माझ्याजवळ वाकून पुटपुटले, "शब्दच आहेत ना. म्हणून टाक. परीक्षा वाचेल."

परीक्षा वाचेल? मी तेरा वर्षांची होते, पण एवढं मला कळत होतं. मी केलं असं एकदा तोंडातून गेलं की जन्मभर मी करणी करणारी. फायनल पास झाले तरी अशा मास्तरणीच्या हाताखाली कोण पोर घालणार? म्हटलं तरी शाळा गेली, न म्हटलं तरी गेली. मग मी कशाला वाकू?

"मनाई," मी म्हटलं.

कुणाला कळलं नाही. रोमला चावडीवर कोण ओळखणार!

"मला मान्य न्हाई, पाटीलआबा. ही करनी न्हाई, ह्ये मत हाय. तुमच्या पोराला आठ मतं पडली."

भिंतीकडून बायकांचा हाय हाय असा आवाज आला. मी पायरी चढले. बायकांनी चढायची नसते ती. कुणी अडवायच्या आत मी चावडीच्या शेगडीतला कोळसा उचलला, ज्या खापरावर माझं नाव होतं ते उलटं केलं आणि मागच्या बाजूला माझ्या हाताने, ठळक, माझं नाव लिहिलं.

"ह्ये घ्या. ह्याच मडक्यात घाला. ह्येच फडकं बांधा, हळद टाका, बिब्बा टाका, काय टाकायचं त्ये टाका. मारुतीफुडं ठिवा. फुडल्या सोमवारपातूर मला काय झालं तर मी शाळा सोडते. न्हाई झालं तर मी परीक्षेला बसनार, आन् शनवारचं सारवान समद्यांनी पाळीनं करायचं. पोरांनीबी."

पाटलांनी ते एकच खापर मडक्यात टाकलं. मग त्यांनी स्वतः गाठ मारली. मडकं मंडपातल्या कोनाड्यात गेलं.

घरी आल्यावर आईने मला एक मुस्काटात दिली आणि मग जेवायला वाढलं. आई अडाणी नव्हती, तिला फक्त लिहिता येत नव्हतं. पण करणीवर तिचा पुरा विश्वास होता. मी तिला अथेन्स समजावून सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्याकडं अमावास्या न्हाई का?"

त्या आठवड्यात बायका माझ्या तोंडाकडे, दूध नासलंय का बघावं तशा बघायच्या. मी मुद्दाम ताठ चालायचे. गुरुवारी संध्याकाळी तर घमेंडीने नदीवर जाऊन ऐन पौषातल्या थंडीत डोक्यावरून आंघोळ केली, सगळ्यांना दिसेल अशी. शुक्रवारी पहाटे मला सडकून ताप आला.

खोटं कशाला बोलू, गोधडीत पडल्या पडल्या पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, खरं असलं तर? माझी बुद्धी म्हणत होती नदीचं पाणी, आणि दात म्हणत होते करणी. मी आईला काही सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही. तिने कपाळाला हात लावला, तशीच बाहेर गेली आणि शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या पोरीला कावळा शिवला बया."

मला शिवला नव्हता. पण आता मला तीन दिवस वेगळं बसणं आलं. ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडीवर मी गावाच्या डोळ्यांदेखत तापाने फणफणत बसले होते आणि गावाच्याच नियमाने कुणाला मला हात लावता येत नव्हता. चौथ्या दिवसाची आंघोळ सोमवारी यायची. आईने बरोबर मोजलं होतं.

शनिवारी सकाळी ती माझी पाटी घेऊन बाजूला बसली. म्हणाली, "माझं नाव कसं लिवत्यात गं?"

मला वाटलं, माझं मन रमवायला विचारतेय. मी चार अक्षरं काढून दिली. तिने त्यावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. मग पाटी पदराखाली घेतली आणि उठली. "तुला आज देवळात जाता येत न्हाई. सारवायला तुझ्या जागी मी जाते."

रविवारी माझा ताप उतरला. सोमवारी न्हाऊन मी चावडीवर गेले, चार माणसांसमोर उभी राहिले, बघा म्हटलं. पाटलांचा मुलगाही तोवर खडखडीत बरा होऊन शाळेत बसला होता. पाटलांनी मडकं आणवलं, गाठ सोडली, आतलं खापर काढून गुरुजींच्या हातात दिलं. "वाचा. तिचंच हाय न्हवं?"

गुरुजींनी खापर बघितलं. मी दोन हातांवर होते, मलाही दिसलं. ते माझं अक्षर नव्हतं. माझं नाव नव्हतं. वाकडीतिकडी, वर चढत गेलेली चार अक्षरं होती.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. तिथे आई डोक्यावरचा पदर दातात धरून उभी होती. आता गुरुजींनी खरं वाचलं असतं तर सगळं संपलं होतं. माझी परीक्षा आणि आईची अब्रू, दोन्ही.

गुरुजींनी खणखणीत आवाजात माझं नाव वाचलं. आणि मग, बदलीला भिणाऱ्या त्या माणसाने, ते खापर चावडीच्या दगडी पायरीवर आपटून त्याचे तुकडे केले. "संपलं," म्हणाले. लोकांना वाटलं, करणी अशीच मोडत असावी.

पुढच्या शनिवारी सारवणाच्या पाळीचा कागद मंडपात लागला. त्यावर अकरा नावं होती आणि पहिलं पाटलांच्या मुलाचं. त्याने शेणात हात घातला तेव्हा मी उंबराखाली मांडी ठोकून बसले आणि इतिहास ऐकला. सारवण त्याने वाईट केलं, मी दोन ठिकाणी बोट दाखवलं. फायनल मी पास झाले, मास्तरीण झाले, पस्तीस वर्षं मुलांना अथेन्स शिकवलं आणि त्यातल्या बायकांचं आणि गुलामांचं पुस्तकात नसलं तरी शिकवलं. एका साहेबांनी त्यावर शेरा मारला होता, अभ्यासक्रमाबाहेर जातात. जाते. अजूनही जाते.

पण ते सगळं नंतरचं. त्या सोमवारी मी चावडीवरून धावत घरी आले. आई चुलीपाशी होती. मी इतकी संतापले होते की मला रडू येत होतं.

"माझं खापर कुटं हाय?"

"नदीत टाकलं."

"आन् आपलं नाव घातलंस व्हय त्यात? तुला खरं वाटतंय ना ह्ये समदं? खरं वाटत असताना घातलंस?"

"खरं वाटतंय म्हनून तर घातलं," ती म्हणाली. "बग, तुझा ताप उतरला का न्हाई? यायचं त्ये माझ्यावर येऊ दे. मला कुटं परीक्षा द्यायचीय?"

मी तिला नदीचं पाणी सांगितलं, हिरव्या चिंचा सांगितल्या, सगळं सांगितलं. तिने फुंकणीने चूल फुंकली. तिला माझं एक अक्षर पटलं नाही, आणि मरेपर्यंत पटलं नाही. मग फुंकणी खाली ठेवून, धुराने लाल झालेले डोळे पदराने पुसत तिने मला हळूच विचारलं, "गुर्जींनी बगितलं न्हवं त्ये? मला लिवता आलं होतं का बराबर?"